हात सैल सोड

कराडच्या बाजारपेठेत विलास डांगऱ्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानात कधी काही फुटत नसे. काचच ती, फुटायची तेव्हा फुटायचीच. पण विलासराव 'बांगडी वाढली' असंच म्हणायचे. संध्याकाळी दुकान बंद व्हायचं नाही, वाढवलं जायचं. देवापुढचा दिवा विझायचा नाही, शांत व्हायचा. एखादी गिऱ्हाईक बाई हातभर बांगड्या भरून उठताना 'चला, जाते' म्हणाली, की तिला पायरीवरच अडवून ते म्हणायचे, "येते म्हणा, वहिनी." ती बिचारी हसून "येते" म्हणायची, तेव्हा कुठे तिची सुटका होई.

त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता. धरणाच्या दरवाजांवर अभियंता म्हणून काम करायची. वडिलांच्या या खोडीची तिला लहानपणी गंमत वाटे, कॉलेजात असताना लाज वाटे, आणि नंतर तेच शब्द कधी तिच्याही तोंडात बसले ते तिला कळलं नाही. लहानपणी खेळताना हातातली बांगडी गेली की ती भोकाड पसरत दुकानात यायची, "पप्पा, वाढली," आणि आतून तिची आई, शैलजाबाई, म्हणायची, "वाढू दे. हात शाबूत आहे ना? मग रडत बसू नकोस, ऊठ." रडत बसणे हा शैलजाबाईंच्या कायद्यात सगळ्यात मोठा गुन्हा होता.

समुद्र जसजसा वर चढत होता तसतशी नेदरलँड्समध्ये समुद्राच्या बांधांवर माणसं कमी पडू लागली होती. तिथली तरुण मंडळी उंचावरच्या देशांकडे निघाली होती, आणि जगभरातून पाण्याची जाण असलेले लोक तिकडे बोलावले जात होते. झेलंड प्रांतातल्या एका बांधावर पाहणी अभियंता म्हणून ऋजुताची निवड झाली. अट एकच, डच भाषा आलीच पाहिजे.

"कानात दुभाषा घालून लोक चंद्रावरनं बोलतील आता," विलासराव म्हणाले. "भाषा शिकायची कशाला?"

प्रश्न बरोबरच होता. नखाएवढं यंत्र कानात घातलं की जगातली कुठलीही भाषा मराठीत ऐकू येत होती. पण दुभाष्याला क्षणभर वेळ लागतो आणि त्याला नेटवर्क लागतं. वादळात नेटवर्क सगळ्यात आधी जातं, आणि बांधाला भेग पडलेली असताना तो एक क्षणही फार महागात पडतो. शेजारच्याने 'आडवी हो' म्हटलं की माणसाने अर्थ लावायच्या आधी आडवं व्हायला हवं. म्हणून क्रियापदं डोक्यात नव्हे, अंगात भिनलेली पाहिजेत, असा तिथल्या लोकांचा आग्रह होता. त्यासाठी पट्टी निघाली होती.

पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात डॉ. सबनीसबाईंनी तिला पट्टी नीट समजावून सांगितली. कपाळावरून मागे जाणारी, केसांखाली झाकली जाणारी मऊ पट्टी, आणि दोन्ही मनगटांवर एकेक कडं.

"तुम्ही 'लाथ मारली' असं नुसतं ऐकलंत ना, तरी मेंदूतला पाय हलवणारा भाग किंचित जागा होतो," बाई म्हणाल्या. "क्रियापद हे नुसतं शब्दकोशात नसतं. ते हातापायाला बांधलेलं असतं. आणि दुसरी गोष्ट अशी की, जुनी आठवण बाहेर काढली की ती काही मिनिटं ओली असते, वाळायला टाकलेल्या मातीच्या भांड्यासारखी. तेवढ्या वेळात तिच्यावर नवा ठसा उमटवता येतो. तुम्ही भांडं घासता, पट्टी ती हालचाल ओळखते, हलकासा विद्युतझटका देते, आणि कानात डच क्रियापद सांगते. आठ-दहा वेळा झालं की भांडं घासणं आणि ते क्रियापद एकजीव होतात."

"आणि मराठी?"

"मराठी कुठे जात नाही. फक्त ती बाजूला सरकते."

पट्टी केंद्रात बसून लावायची नव्हती, स्वतःच्या घरात, स्वतःची रोजची कामं करताना लावायची होती. म्हणून ऋजुता रजा टाकून कराडला आली. मनगटांवर कडी बसवायची तर बांगड्या काढाव्या लागणार होत्या. विलासरावांनी स्वतःच त्या अलगद उतरवून घेतल्या आणि कागदात गुंडाळून गल्ल्यावरच्या फळीवर ठेवल्या. लेकीचे भुंडे हात त्यांना बघवत नव्हते.

पहिले काही दिवस सगळ्यांना मजा वाटली. डच माणूस काही करत असेल तर तो ते बसून करतोय, उभा राहून करतोय की पडून, हेही बहुतेक सांगून टाकतो. वाचायला बसलेला, वाट बघायला उभा राहिलेला, विचार करायला पडलेला. ऋजुता ओट्याशी कांदा चिरायची आणि पट्टी कानात सांगायची की ती चिरायला उभी आहे. ती मोठ्याने तेच म्हणायची आणि शैलजाबाई पोळी लाटता लाटता ऐकायच्या.

"झिटन म्हणजे बसणं," ऋजुता सांगत होती. "'झे झिट ते हॉयलन' म्हणजे ती रडत बसलीय."

"म्हणजे तेही आपल्यासारखे रडत बसतात होय?" शैलजाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, एवढा समुद्र अडवलेली माणसं, उभ्या उभ्या रडून मोकळी होत असतील."

ऋजुता पोट धरून हसली. ती त्या घरात मनापासून हसल्याची ही शेवटची वेळ.

नंतर बदल असा झाला की तो कुणाच्या लक्षातच येऊ नये. ऋजुता चहा करायची तो तसाच, आल्याचा, पण तो करताना गुणगुणायची ती बंद झाली. आईच्या पाठीला तेल चोळायची, पण मध्येच 'इथं दुखतंय का गं' विचारायची ते राहून जाऊ लागलं. मराठी ती बोलत होती, फक्त शब्द गुळगुळीत झाले होते. एका संध्याकाळी देवघरातून बाहेर येत ती म्हणाली, "दिवा विझलाय." दुसऱ्या दिवशी दुकानात डोकावून तिने विचारलं, "पप्पा, दुकान बंद केलंत?" आणि पुण्याला आठवड्याच्या तपासणीला निघताना दारातून म्हणाली, "जाते."

"येते म्हण, ऋजू."

"हो. येते." पण ते ती शाळेत उत्तर द्यावं तसं म्हणाली.

डॉ. सबनीसबाईंना हे नवीन नव्हतं. मायबोलीतला शब्द मांडीवर शिकलेला असतो, त्याच्याबरोबर धपाटा, पापी आणि भीती सगळं चिकटून येतं, असं त्यांनी सांगितलं. स्वतःच्या भाषेत शिवी ऐकली की तळहाताला घाम येतो, परक्या भाषेतल्या शिवीने येत नाही, हे तर फार पूर्वीच मोजून झालं होतं. पट्टीने कामाला बांधलेला जुना शब्द सोडवून नवा बांधला होता. जुन्या शब्दाला चिकटलेली माया कुठे जाते, हे मात्र पट्टी बनवणाऱ्यांनी तपासलंच नव्हतं. ती कुठे जात नव्हती. तिला फक्त आता दार सापडत नव्हतं.

"परत फिरता येतं," बाई म्हणाल्या. "अभ्यासक्रम संपल्यावर पंधरवड्याच्या आत आलात तर पट्टी उलटी चालवता येते. डच जाईल, बाकीचं बरंचसं परत येईल. त्यानंतर मात्र ठसा पक्का होतो."

ऋजुताने मान हलवली. तिला काही वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटलं नाही याचंही वाईट वाटलं नाही.

शैलजाबाई गेल्या त्या एका दुपारी, जेवणं झाल्यावर, ओट्यापाशी. डोक्यात रक्तस्राव झाला होता; डॉक्टर आले तोवर सगळं आटोपलं होतं. शेजारच्या बायका धावत आल्या. सवाष्ण बाई गेली, तिला हिरव्या बांगड्या भरायला हव्यात, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांचे डोळे विलासरावांकडे वळले. कासाराच्या बायकोला दुसरं कोण बांगड्या भरणार?

ते दुकानात जाऊन हिरवी काच घेऊन आले. आयुष्यभर त्यांनी हजारो हातांना एकच सांगितलं होतं, "हात सैल सोड, घट्ट धरलास की लागतं." आज समोरचा हात इतका सैल होता की तो मांडीवरून घसरत होता.

"ऋजू, धर जरा," ते म्हणाले.

ऋजुताने आईचं मनगट धरलं. दिवसभर लावलेली पट्टी काढायची तिला आठवणच झाली नव्हती. ती आता अंगाचा भाग झाली होती. कपाळाशी हलकीशी झिणझिणी आली आणि कानात एक शांत पुरुषी आवाज म्हणाला, "व्हास्तहौडन." घट्ट धरून ठेवणे. विलासराव एकेक बांगडी चढवत होते आणि पट्टी प्रत्येक बांगडीला तोच शब्द म्हणत होती. शेवटची बांगडी चढली तेव्हा ऋजुताला ते क्रियापद पक्कं आलं होतं.

मग तिने सोलापूरच्या आत्याला फोन लावला.

"आत्या, आई मेली," ती म्हणाली.

पलीकडून आत्या म्हणाली, "अगं, असं बोलतात का," आणि रडायला लागली. आपण काय चुकलो हे ऋजुताला समजलं होतं. चुकीचा जोडा पायात असावा तसं ते तिला समजलं होतं, पण बदलावासा वाटला नाही.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. ऋजुता सगळं करत होती. पाणी भरत होती, ताटं मांडत होती, आल्यागेल्याला बघत होती. बायका आपापसात कुजबुजायच्या, 'पोरगी केवढी खंबीर आहे'. विलासरावांना ते ऐकवत नव्हतं. खंबीर माणूस त्यांना ओळखता येत होता. त्यांनी शैलजाशी संसार केला होता.

सगळे पाहुणे पांगल्यावर एके दुपारी ते तिच्यासमोर येऊन बसले.

"तू अजून रडली नाहीस."

"नाही."

"बोलली होतीस ना, त्या पुण्याच्या बाई परत करतात म्हणून? पंधरा दिवसांत?"

"करतात, पप्पा. पण मग डच जाईल. नोकरी जाईल."

"नोकरीचं बघू. एकदा रडून घे. मग..." पुढचा शब्द त्यांनी गिळला, कारण 'जा' त्यांना म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऋजुता पुण्याला गेली. डॉ. सबनीसबाईंना तिने एकच विचारलं, "पट्टी उलटी फिरवली तर काय होईल?"

"जे जे अडून राहिलंय ते येईल," बाई म्हणाल्या. "थोडं थोडं नाही येणार. एकदम येईल. तुमच्या बाबतीत... ते सोपं नसेल."

ऋजुता त्या स्वच्छ खोलीत बराच वेळ बसून राहिली. तिला आई आठवत होती. चेहरा, आवाज, पोळी लाटताना हलणारा खांदा, सगळं नीट दिसत होतं, काचेपलीकडे ठेवल्यासारखं. दुखत काहीच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला तेच बरं वाटत होतं. आईच्या मरणाला सामोरं जायची ज्याला भीती वाटते, त्याला हा बधिरपणा म्हणजे घरबसल्या मिळालेलं औषधच. तिने कागदावर सही केली नाही आणि ती कराडला परत आली.

"झालं?" विलासरावांनी विचारलं.

"नाही केलं मी."

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सामान दारात लागलं होतं. मनगटांवरची कडी केंद्राला परत गेली होती आणि हात पुन्हा भुंडे होते. विलासरावांनी फळीवरची पुडी सोडली, पण त्या जुन्या बांगड्या बाजूला ठेवून नवीन काढल्या, साध्या, गडद निळ्या.

"रिकाम्या हातानं घरातनं बाहेर पडू नये. बस इथं."

ती गिऱ्हाइकासारखी खाली बसली. त्यांनी तिचा अंगठा आत दाबला, हाडं जुळवून घेतली आणि काच पुढे सरकवली. पट्टी तर नव्हतीच. कानात कुणी काही बोललं नाही. पट्टीच्या त्या सगळ्या आठवड्यांत तिने बांगड्या भरून घेतल्या नव्हत्या, म्हणून या एका गोष्टीला डच शब्द नव्हता. हे तेव्हा तिच्या लक्षातही आलं नाही. तिला फक्त वडिलांचा अंगठा खरखरीत लागला.

"हात सैल सोड," ते म्हणाले.

गाडी आली. ती पायऱ्या उतरली.

"जाते, पप्पा."

विलासरावांनी तिला अडवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी तसंच जाऊ दिलं. मग गाडी वळल्यावर, जिथे आता कुणीच नव्हतं तिकडे बघत ते म्हणाले, "ये."

झेलंडच्या बांधावर ऋजुता सगळ्यांना आवडली. तिच्याबरोबर मारिट नावाची एक धिप्पाड, लालगालांची बाई काम करायची. तिचे आजोबाही याच बांधावर होते. शरद ऋतूतल्या पहिल्याच वादळात नेटवर्क गेलं, कानातले दुभाषे मुके झाले, आणि पाण्याच्या फवाऱ्यात मारिट ओरडली, "लिखन!" ऋजुताचं अंग शब्दाचा अर्थ लावायच्या आत ओल्या गवतावर आडवं झालं. वाऱ्याने उडालेली लोखंडी फळी तिच्या डोक्यावरून गेली. नंतर सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. पट्टीचं काम अगदी चोख होतं, ते नाकारता येणार नाही.

विलासरावांशी रविवारी बोलणं व्हायचं. जेवलीस का, थंडी आहे का, दुकान कसं चाललंय. ते आपलं कमी सांगायचे. एकटा माणूस जेवणाचं काय सांगणार? तिला त्यांच्यावाचून करमत नव्हतं असंही नाही आणि करमत होतं असंही नाही. फोन ठेवताना ते दर वेळी थोडं थांबायचे. ती "ठेवते" म्हणायची.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी त्या दोघी भरती यायच्या आत एक झडप तपासायला उतरल्या होत्या. स्वच्छ ऊन पडलं होतं. ऋजुताने चाक फिरवायला जोर लावला, हात सुटला आणि मनगट दगडावर आपटलं. निळी काच शेवाळावर सांडली.

मारिट वळून म्हणाली, "अरे, फुटली."

ऋजुता काचेकडे बघत होती. तिचं तोंड आपोआप उघडलं आणि आतून, कुठून तरी अगदी खालून, एक शब्द वर आला.

"वाढली," ती म्हणाली.

आणि मग त्याच्यामागोमाग, जणू इतके महिने दाराशी खोळंबून होता असा, आईचा आवाज आला. वाढू दे. हात शाबूत आहे ना? ऋजुताने हात पाहिला. मनगटावर रक्ताचा एक बारीक ठिपका होता, बाकी हात शाबूत होता. पण तिला दिसत होता तो दुसराच हात, मांडीवरून घसरणारा, थंड, हिरव्या काचेचा, जो तिने घट्ट धरला होता आणि काहीच वाटलं नव्हतं. आता सगळं वाटलं. ती तिथेच बांधाच्या उतारावर खाली बसली आणि तिला हुंदका फुटला.

मारिट घाबरली. तिने खांद्यावरचा रेडिओ ओढला आणि वरच्या चौकीला सांगितलं, ऋजुताला जखम झालीय का नाही ते कळत नाही, पण ती हलत नाहीये. वरून कुणीतरी विचारलं, मग करतेय काय ती? मारिटने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"झे झिट ते हॉयलन," ती म्हणाली.

ते ऐकून ऋजुताला रडता रडता हसू आलं. तेही आपल्यासारखेच रडत बसतात होय. ही गोष्ट आईला सांगायला हवी असं तिला वाटलं, आणि सांगायला आई नाही हे त्या क्षणी तिला पहिल्यांदा कळलं. इतके महिने ते तिला माहीत होतं, पण कळलं ते आता.

हातमोजा काढून तिने फोन लावला. कराडला दुपार झाली होती. विलासराव एका नवरीला चुडा भरत होते. त्यांनी फोन खांद्याशी धरला.

"काय गं, ऋजू? आज रविवार नाही."

"पप्पा," ती म्हणाली, "आई गेली."

दुकानात नवरीच्या मैत्रिणींचा गलका चालला होता. विलासरावांनी हातातली बांगडी गादीवर ठेवली. ही बातमी त्यांना जुनी होती, पण ती त्यांच्या लेकीने त्यांना आजवर सांगितलीच नव्हती.

"हो, बाळा," ते म्हणाले. "गेली."

तिचा हुंदका त्यांना फोनवर ऐकू येत होता, आणि तिच्यामागे समुद्राचा आवाज. शैलजा असती तर काय म्हणाली असती ते त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी म्हटलं नाही.

"कुठं आहेस? बसलीयस का?"

"हो."

"मग बस. रडत बस जरा. मी आहे फोनवर."

समोरच्या नवरीला त्यांनी हाताने थांबायची खूण केली, आणि दुकान तसंच उघडं ठेवून ते तिचं रडणं ऐकत बसले.